जठराचा कर्करोग आणि आनुवंशिकता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जठराच्या कर्करोगावरील मागील लेखानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा आशय एकच होता. घरात एका-दोघांना हा आजार झाला, आता तो आमच्या वाट्याला येणार का, आणि येणार असेल तर आताच काय करता येईल? त्यातील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्र वाचून कोणाचे निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील उत्तरे ही आपल्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारावे हे कळण्यापुरतीच घ्यावीत.

माझे वडील ६८ व्या वर्षी आणि चुलते ७१ व्या वर्षी जठराच्या कर्करोगाने गेले. घराण्यातच हा रोग आहे असे सगळे म्हणतात. मी ४३ वर्षांचा आहे. मलाही तो होणारच का? (तासगाव)

'होणारच' हा शब्द आधी मनातून काढून टाकावा. जठराच्या कर्करोगाच्या दहा रुग्णांपैकी साधारण एकाच्या कुटुंबात आणखी कोणाला तरी हा आजार झालेला आढळतो, परंतु जन्मतःच मिळालेला जनुकीय दोष मात्र शंभरातल्या एक ते तीन रुग्णांतच सापडतो. उरलेल्या कुटुंबांत जे वारशाने येते ते रक्तातून येत नाही. दोन भाऊ एकाच घरात वाढले, त्यांनी एकाच आडाचे पाणी प्याले, लहानपणी दोघांच्या जठरात एच. पायलोरी नावाचा जिवाणू शिरला, पुढे दोघांनीही विड्या ओढल्या आणि खारवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, तर दोघांनाही एकच आजार होण्यास जनुकाची गरज उरत नाही.

खऱ्या आनुवंशिक प्रकाराचा संशय कधी घ्यायचा याची काही चिन्हे ठरलेली आहेत. रुग्णाचे वय पन्नाशीच्या आत असणे. कर्करोग 'डिफ्यूज' म्हणजे विखुरलेल्या पेशींच्या प्रकारचा असणे. जवळच्या नात्यात असे दोन किंवा अधिक रुग्ण असणे. त्याच कुटुंबात एखाद्या स्त्रीला स्तनाचा 'लोब्युलर' म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या प्रकारचा कर्करोग झालेला असणे. डिफ्यूज प्रकाराच्या रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेली असणे. शेवटचे चिन्ह कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून ते मुद्दाम विचारावे लागते. कुटुंबात मोठ्या आतड्याचे किंवा गर्भाशयाच्या अस्तराचे कर्करोग असतील तर विचाराची दिशा बदलते, कारण 'लिंच सिंड्रोम' नावाच्या वेगळ्या आनुवंशिक विकारातही जठराचा धोका वाढतो.

आपल्या वडिलांचे आणि चुलत्यांचे वय पाहता आनुवंशिक प्रकाराची शक्यता कमी वाटते, तरी ती वयावरून निकालात काढता येत नाही. दोघांचे बायोप्सीचे, म्हणजे जठरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचे, अहवाल शोधावेत, स्वतःची एच. पायलोरीची तपासणी करून घ्यावी आणि दुर्बिणीतून जठर एकदा पाहून घेण्याविषयी तज्ज्ञांशी बोलावे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार झाला असेल तर चाळिशीत, किंवा घरातील सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा ही तपासणी करावी असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. आपली चाळिशी उलटली आहे.

माझा रक्तगट 'ए' आहे. त्याने धोका वाढतो असे वाचले. (मिरज)

किंचित वाढतो, पण त्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नसतो.

आमच्याकडे जेवण फार तिखट असते. तिखट बंद करावे का? (सातारा)

जळजळ होत असेल तर कमी करावे. आनुवंशिक धोक्याचा मिरचीशी संबंध नाही. मीठ, खारवलेले मासे आणि धूम्रपान यांचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आहे, त्यांच्याविषयी मात्र कोणी पत्र लिहीत नाही.

आईला जठराचा कर्करोग झाल्यावर माझी एच. पायलोरीची रक्त-तपासणी 'पॉझिटिव्ह' आली. औषधे सुरू केली, पण तोंड कडू पडते म्हणून चार दिवसांत बंद केली. आता पुन्हा घ्यावीत का? (विटा)

चार दिवस घेऊन सोडलेला हा कोर्स न घेतलेल्यापेक्षा वाईट असतो, कारण जिवाणू मरत नाही आणि औषधाला सरावतो. आपल्या भागात पोटाच्या आणि जुलाबाच्या तक्रारींसाठी प्रतिजैविके इतक्या सहज घेतली जातात की नेहमीची औषधे या जिवाणूवर आधीच बोथट झालेली आहेत. म्हणूनच हल्ली तीन-चार औषधांचा चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स दिला जातो. तोंडाला धातूसारखी चव येणे, मळमळ होणे, विष्ठा काळसर दिसणे हे त्यांतील काही औषधांचे अपेक्षित परिणाम आहेत आणि ते देणाऱ्याने आधीच सांगायला हवेत. कोणती औषधे पुन्हा द्यायची हे आपण आधी काय काय घेतले त्यावर ठरते, तेव्हा जुनी चिठ्ठी बरोबर नेल्याशिवाय डॉक्टरांकडे जाऊ नये.

दुसरी गोष्ट, रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी जिवाणू आज जठरात आहे की पूर्वी कधी होता हे सांगू शकत नाही. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो, त्यामुळे ही तपासणी केली की ती 'पॉझिटिव्ह' येण्याचीच शक्यता अधिक. आजचा संसर्ग श्वासाच्या तपासणीने, विष्ठेच्या तपासणीने किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरून कळतो. तपासणीपूर्वी दोन आठवडे आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावी लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल 'नाही' म्हणून येतो. कोर्स संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जिवाणू गेल्याची खात्री करणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तोच भाग बहुतेक जण गाळतात.

हा खटाटोप कशासाठी, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. त्यानंतर दक्षिण कोरियात नेमका आपल्यासारख्याच लोकांवर, म्हणजे जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आई-वडिलांवर, भावंडांवर आणि मुलांवर, औषध व खोटे औषध अशी तुलना करून अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सुमारे नऊ वर्षांच्या काळात खोटे औषध मिळालेल्यांपैकी २.७ टक्के लोकांना कर्करोग झाला, तर खरे औषध मिळालेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना झाला. त्या अभ्यासातल्या अवघ्या सात दिवसांच्या गोळ्यांनी एवढा फरक पडत असेल, तर तोंडाचा कडूपणा सोसायला हरकत नसावी.

हा रोग संसर्गजन्य आहे का? वहिनी आजारी भावाचे ताट वेगळे ठेवते. (जत)

कर्करोग संसर्गजन्य नाही; ताट वेगळे ठेवू नये.

एका कंपनीच्या 'संपूर्ण शरीर तपासणी'त कर्करोगाच्या सर्व चाचण्या नॉर्मल आल्या. आजोबांना जठराचा कर्करोग होता. आता मी निश्चिंत राहू शकतो ना? (सांगली)

नाही. आपण अहवालाची प्रत जोडली आहे, त्यात 'सीईए' आणि 'सीए १९-९' या दोन रक्तचाचण्यांना 'कर्करोग चाचणी' असे नाव दिले आहे. या चाचण्या आधीच निदान झालेल्या रुग्णावर उपचारांचा परिणाम होतो आहे का हे पाहण्यासाठी वापरतात. जठराच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत त्या बहुतेकदा नॉर्मलच येतात, आणि उलट धूम्रपान करणाऱ्या किंवा पित्तनलिकेचा त्रास असणाऱ्या निरोगी माणसात त्या वाढलेल्या दिसून घरभर रडारड होते. सणासुदीला पन्नास टक्के सवलतीत घरी येऊन रक्त नेणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नसते असे मी मानत नाही. जठराचा आतला पृष्ठभाग पाहायचा असेल तर दुर्बीण आत घालावी लागते, त्याला आजतरी रक्ताचा पर्याय नाही. त्याच पैशात आपली एच. पायलोरीची नीट तपासणी झाली असती.

थुंकीचा नमुना टपालाने पाठवून 'आपला जनुकीय आराखडा' मागवणाऱ्यांनाही हेच सांगतो. अशा अनेक संचांत संबंधित जनुकाचे काही थोडे भागच वाचले जातात, त्यामुळे 'दोष आढळला नाही' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

माझ्या आईला ४४ व्या वर्षी आणि मावशीला ३९ व्या वर्षी पोटाचा कर्करोग झाला, दोघीही वारल्या. माझे वय ३६ आहे. माझे भाऊ मुंबईला जाऊन तपासणी करून आले, पण मला कोणी सांगितले नाही. 'तू आता दुसऱ्या घरची, तुला काय करायचे' असे म्हणतात. सासरी म्हणतात की आईकडचा आजार मुलीच्या मुलांत येत नाही. खरे काय? (कोरेगाव तालुका)

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की भावांना जेवढा धोका आहे तेवढाच आपल्याला आहे, आणि आपल्या मुलांनाही तो येऊ शकतो. पण येथे थोडक्यात उत्तर देऊन मी थांबणार नाही, कारण जठराच्या आनुवंशिक कर्करोगाविषयी आपल्या भागात जे सर्वांत घातक गैरसमज आहेत ते आपल्या पत्रात एकत्र आले आहेत.

प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. येथे ज्या जनुकाचा संशय घ्यायला हवा त्याचे नाव 'सीडीएच १' असे आहे. ते ई-कॅडेरिन नावाचे प्रथिन तयार करते, आणि जठराच्या अस्तरातील पेशी एकमेकींना धरून राहतात त्या या प्रथिनामुळे. दोन प्रतींपैकी एक जन्मतः बिघडलेली असेल आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, तर ती पेशी शेजारणीपासून सुटते आणि अस्तराखाली एकटी पसरू लागते. बिघडलेली प्रत असलेल्या आईकडून वा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो की मुलगी, थोरले असो की धाकटे. मुलीकडे आलेली प्रत लग्नानंतर माहेरी राहत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर तोटा दुहेरी आहे, कारण या दोषामुळे स्तनाच्या लोब्युलर कर्करोगाचा धोकाही आयुष्यभरात सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ज्यांना सांगण्याची गरज सर्वाधिक, त्यांनाच आपण 'दुसऱ्या घरची' म्हणून वगळतो.

हा दोष प्रथम सापडला तो १९९८ साली, न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात. त्या कुटुंबातील तरुण माणसे पिढ्यानुपिढ्या पोटाच्या कर्करोगाने मरत होती. कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांना गाठले, आपली वंशावळ त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या वंशावळीच्या आधारे जनुक सापडले. आपल्याकडे वंशावळीचा अभिमान काही कमी नाही. सांगलीच्या गावागावांत आजही हेळवी येतो, चोपडी उघडून पूर्वजांची नावे वाचून दाखवतो आणि घरचे त्याला धान्य, कपडे देतात. पण त्या चोपडीतली वाट बहुधा पुरुषांच्या नावांवरूनच पुढे जाते, आणि माझ्यासमोर बसलेला रुग्णही तेच करतो. 'घरात कोणाला कर्करोग?' असे विचारले की तो आजोबा, चुलते, चुलतभाऊ सांगतो. 'आजोळी?' असे विचारले की थांबतो आणि म्हणतो, 'ते वेगळे घराणे.' आत्या कशाने गेली हे त्याला माहीत नसते, कारण ती कराडला दिली होती.

जे सांगितले जाते तेही खरे असतेच असे नाही. 'पोटात अल्सर होता', 'आतडे सडले होते', 'कावीळ झाली' अशी नावे मुलींच्या लग्नांत अडथळा येऊ नये म्हणून दिलेली असतात, आणि वीस वर्षांनंतर घरातल्या कोणालाच मूळ नाव आठवत नाही. नाव विसरले तरी कागद विसरत नाहीत. ते बहुतेकदा घरातच असतात. ट्रंकेत साड्यांच्या खाली, दुकानाच्या जुन्या पिशवीत गुंडाळलेले, एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक पिवळा पडलेला अर्धा पानभर कागद. तो बायोप्सीचा अहवाल असतो. त्यावर 'डिफ्यूज', 'सिग्नेट रिंग सेल' किंवा 'पुअरली कोहेसिव्ह' असे शब्द टंकलेले असतील तर त्या कागदाची किंमत नव्या कोणत्याही पॅकेजपेक्षा अधिक आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर हे कागद 'घरात नकोत' म्हणून नदीत सोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. कृपा करून सोडू नका. कागद नसला तरी, ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तेथे मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, काही वर्षे जपून ठेवलेला असतो. नाव, तारीख आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक देऊन जवळच्या नातेवाइकाने लेखी मागणी केली, तर तो पुन्हा तपासण्यासाठी मिळू शकतो. कधीपर्यंत ठेवतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून या कामाला उद्या हे उत्तर नाही.

आता आपण काय करावे? भावांच्या जनुकीय अहवालाची प्रत मागावी. त्यांना विनवणी करून मिळत नसेल तर त्यांच्या डॉक्टरांचे किंवा समुपदेशकांचे नाव तरी विचारावे. चांगला समुपदेशक अहवाल मिळालेल्या प्रत्येकाला 'बहिणींना सांगा' असे बजावतोच आणि त्यासाठी पत्राचा मसुदाही देतो. भावांत दोष सापडला असेल तर आपल्याला संपूर्ण तपासणीची गरज नाही, फक्त तो एकच बदल आपल्यात आहे का एवढेच पाहायचे असते, आणि ते सोपे व कमी खर्चाचे काम असते. भावांत सापडला नसेल तर ते दोघे सुटले असतील आणि आपण सुटला नसाल असेही होऊ शकते, कारण प्रत्येकाचा वाटा स्वतंत्र असतो. आई आणि मावशी हयात नसल्याने कोणत्या क्रमाने कोणाची तपासणी करावी, हे जनुकीय समुपदेशनाशिवाय ठरवू नये. मुंबईत टाटा स्मारक केंद्राकडे कर्करोग-जनुकीय चिकित्सालय आहे. मिरज, कराड, कोल्हापूर येथील कर्करोगतज्ज्ञही आपल्याला योग्य ठिकाणी पाठवू शकतील. मावशीला आजार झाला तो ३९ व्या वर्षी आणि आपण ३६ वर्षांच्या आहात. सासरच्या मंडळींना हे उत्तर वाचून दाखवावे.

माझ्यात 'सीडीएच १'चा दोष निश्चित झाला आहे. वय २८. दुर्बिणीची तपासणी पूर्ण नॉर्मल आहे, तरी डॉक्टर संपूर्ण जठर काढून टाका म्हणतात. काही त्रास नसताना एवढी मोठी शस्त्रक्रिया कशासाठी? (कराड)

आपली शंका रास्त आहे आणि ती आपल्या शल्यविशारदांना स्पष्टपणे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. अडचण अशी की या प्रकारचा कर्करोग गाठ किंवा व्रण बनून वर येत नाही. शेतातला ऊस वरून हिरवागार दिसतो आणि खाली हुमणीने मुळे खाल्लेली असतात, तसे येथे अस्तराचा पृष्ठभाग नितळ दिसतो आणि रोगट पेशींचे पुंजके त्याच्या खाली असतात. म्हणून अशा व्यक्तींची दुर्बिणीची तपासणी नेहमीसारखी पाच मिनिटांची नसते. जठराच्या ठरावीक भागांतून एकूण २८ ते ३० तुकडे घ्यावे लागतात, आणि तरीही काही पुंजके निसटतात. निरोगी म्हणून जठर काढलेल्या दोषधारकांच्या जठराचे बारीक काप करून पाहिले, तर बहुतेकांत असे पुंजके सापडतात. ते सगळेच वाढून पसरले असते असे मात्र नाही.

या दोषाचा आयुष्यभराचा धोका पूर्वी ७० टक्क्यांपर्यंत सांगितला जाई. ते आकडे ज्या कुटुंबांत बरेच रुग्ण होते अशांतून आलेले होते. २०१९ नंतरच्या अभ्यासांत हा धोका २५ ते ४२ टक्क्यांच्या दरम्यान दिसतो, पुरुषांत थोडा अधिक. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार २० ते ३० या वयात जठर काढण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांना ते तूर्त नको असेल त्यांनी अनुभवी केंद्रात दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करावी, आणि ही देखरेख शस्त्रक्रियेइतकी सुरक्षित नाही हे समजून करावी. कुटुंबात किती जणांना, कोणत्या वयात आजार झाला, यावरही निर्णय बदलतो.

जठराशिवाय माणूस जगतो. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली जाते. सुरुवातीच्या महिन्यांत वजन बरेच घटते. दिवसातून सहा ते आठ वेळा, दर वेळी मूठभर, नीट चावून खावे लागते. पंगतीत बसून बासुंदीची वाटी संपवली तर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात, कारण गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होत असल्याने त्याची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेवावे लागते. यकृतातला ब-१२चा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून इंजेक्शन चुकले तरी काही होत नाही असे लोकांना वाटते, आणि मग हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर ते येतात.

माझे मत विचाराल तर ही शस्त्रक्रिया घाईने करू नये आणि टाळतही राहू नये. ती वारंवार करणारा शल्यविशारद, आहारतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक यांच्याशी बोलूनच तारीख ठरवावी. आपल्याला बहिणी असतील तर त्यांनाही तपासणीस सांगावे; दोष असलेल्या स्त्रियांसाठी तिसाव्या वर्षापासून दरवर्षी स्तनांची एमआरआय सुचवली जाते.

सांगलीची हळद रोज दुधातून घेतल्यास आनुवंशिक धोका कमी होतो, असा संदेश फिरत आहे. त्यासाठी कॅप्सूलही मिळतात. (सांगली)

हळद स्वयंपाकात जरूर वापरावी. ती जनुक दुरुस्त करत नाही. कॅप्सूलमधील हळदीचा अर्क भाजीतल्या हळदीच्या अनेकपट असतो आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये.

जनुकीय अहवालात 'अनिश्चित अर्थाचा बदल' असे आले आहे. नातेवाईक म्हणतात, जठर काढून मोकळे व्हा. (फलटण)

नातेवाइकांचे ऐकू नये. 'अनिश्चित' म्हणजे हा बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे सांगण्याइतकी माहिती आज जमलेली नाही. जगातील जनुकीय माहितीसंचांत भारतीयांच्या नोंदी तुलनेने कमी असल्याने आपल्याकडे असे शेरे जास्त येतात. पुढे त्यांतले बरेचसे निरुपद्रवी ठरतात. अशा अहवालावरून शस्त्रक्रिया करत नाहीत आणि नातेवाइकांच्या तपासण्याही करत नाहीत. देखरेख किती ठेवायची हे कौटुंबिक इतिहासावर ठरते. अहवाल जपून ठेवावा आणि दर एक-दोन वर्षांनी समुपदेशकाकडे अर्थ बदलला का याची विचारणा करावी.

मुलाचे लग्न माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीशी ठरते आहे. माझ्या वडिलांना ४७ व्या वर्षी जठराचा आणि चुलत्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. काही अडचण आहे का? (पलूस)

आहे, आणि साखरपुड्याआधी विचारलेत हे बरे केलेत. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे रूढ आहे, पण येथे मुलगा आणि मुलगी दोघेही एकाच आजोबांचे वंशज आहेत, त्यामुळे तोच दोष दोघांकडेही आलेला असू शकतो. तसे असेल तर अपत्याचा धोका निम्म्याहून अधिक होतो. हा विकार लिंच सिंड्रोम निघाला आणि अपत्याला दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत मिळाली, तर बालपणीच गंभीर कर्करोग होऊ शकतात. त्यामुळे आधी आपली आणि आपल्या भावाची तपासणी करून घ्यावी. आपण दोघेही त्यातून मुक्त असाल तर मुलांना आजोबांकडून हा दोष येण्याचा प्रश्नच उरत नाही. समुपदेशकाची भेट होईपर्यंत तारीख काढू नये. मुलीकडच्यांना सांगावे का, असेही आपण विचारले आहे. ते आपल्याच माहेरचे आहेत आणि धोका त्यांचाही आहे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. माझ्यातला 'सीडीएच १'चा दोष त्याच्यात आहे का, आताच पाहावे का? (वाई)

नाही, सज्ञान झाल्यावर त्याला त्याचा निर्णय घेऊ द्यावा.

सहा वर्षांपासून आम्लपित्ताची गोळी रोज सकाळी घेतो, तिने बरे वाटते. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाला जठराचा कर्करोग निघाला. मलाही हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, वजनही थोडे उतरले आहे. द्राक्षांचा हंगाम आटोपला की दुर्बिणीची तपासणी करीन. चालेल ना? (तासगाव तालुका)

चालणार नाही. थोडे खाल्ले तरी पोट भरणे, कारण नसताना वजन घटणे, वारंवार उलटी, गिळताना अडखळणे, डांबरासारखी काळी विष्ठा, रक्ताचे प्रमाण कमी होणे, यांपैकी एक लक्षण असले तरी तपासणी ताबडतोब करायची असते. आपल्यात दोन आहेत आणि सख्ख्या भावाला आजार आहे. गोळीने बरे वाटते यावरून काही सिद्ध होत नाही, कारण या गोळ्यांनी कर्करोगाचा व्रणही काही काळ भरल्यासारखा दिसू शकतो. औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय सहा वर्षे एकच गोळी दिली आणि आपण ती घेतली, यात दोष कोणाचा हे ठरवण्यात वेळ घालवू नये. बागेत आठवडाभर दुसरा माणूस उभा राहू शकतो. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावे आणि कोणत्या उपचारांना योजना लागू होते हे विचारावे. हे उत्तर वाचाल त्याच आठवड्यात जावे.

दुर्बिणीच्या तपासणीला उपाशी यायचे म्हणजे किती? (सातारा)

सहा ते आठ तास काही खाऊ नये. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांविषयी आदल्या दिवशी विचारून घ्यावे, मनाने बंद करू नयेत. मशेरी लावणे म्हणजे खाणे नव्हे असे समजून सकाळी ती लावून येणाऱ्या भगिनी पुष्कळ असतात. त्या दिवशी तरी लावू नये.